चिनी मारामारीचा वऱ्हाडी शेवट

मला चिनी भाषेतला एक शब्द येत नाही. तरी सात वर्षं मी पांढुर्ण्यातल्या बायांना चिनी सिनेमे समजावून सांगितले, आणि "बाई, तुले कसं कळते हे?" असं एकीनंही उलटून विचारलं नाही. ह्यावरून माझ्या हुशारीबद्दल तुमचं मत चांगलं झालं असेल, तर दोन पानं थांबा.

दिवाळी अंकवाल्या पोरानं फोनवर सांगितलं, "आजी, तुमच्या व्हिडिओ सेंटरच्या गमतीजमती लिहा, लोकांना हसू येईल असं." हसू येईल असं पुष्कळ आहे. पण ह्या वर्षी मला एका जागी बसवत नाही. लिहायला बसले की उठते, दूध पाहून येते, दूध नसलं तरी पाहून येते. कारण पुढे येईलच.

आमचं व्हिडिओ सेंटर संत्रा मंडीच्या मागे होतं. खोली मूळची संत्र्याच्या पेट्या ठेवायची. सिनेमे लावायला लागलो तरी वास तिथेच राहिला, त्यामुळे पांढुर्ण्यातल्या एका पिढीला चिनी तलवार म्हटली की संत्र्याचा वास येतो. टेबलावर एक टीव्ही, त्याखाली व्हीसीआर, समोर सतरंजी. नव्या पोरांसाठी सांगते: व्हीसीआर म्हणजे तोंड असलेली पेटी. तिला कॅसेट खाऊ घालायची, ती सिनेमा दाखवायची. कधी कधी खरंच खायची. आत फीत गुंतायची, पडद्यावर पाऊस पडायचा, मग आमचे हे, म्हणजे माझे मालक, झाकण उघडून जुन्या धोतराच्या चिंधीनं स्पिरिट लावून पुसत बसायचे. कॅसेटी नागपूरहून पॅसेंजरनं यायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत जायच्या.

पुरुषांच्या शोला सांगणारं कोणी लागत नसे. त्यांना मारामारी पुरे. कोण कोणाला का मारतो ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आणि पांढुर्णा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगड चालणारं गाव. इथला प्रेक्षक जाणकार. पडद्यावरचा माणूस लाथ खाऊन भिंतीपलीकडे उडाला की मागून आवाज यायचा, "खोटं हाय. लागलेला माणूस उडत नाई, खाली बसते."

बुधवारी दुपारी मात्र लेडीज शो. तिथे पहिल्याच दिवशी पाचव्या मिनिटाला प्रश्न आला, "काहून मारून राह्यला तो त्याले?" सिनेमा चिनी, खाली इंग्रजी अक्षरं पळताहेत, आणि खोलीत दहावी नापास झालेली मी एकटी. इंग्रजीत मी काठावर पास होते हो, गणितानं घात केला. मी दोन शब्द वाचले, "फादर" आणि "किल". उभी राहिले आणि सांगितलं, "त्याच्या बापाले मारलं होतं यानं." झालं. माझी नोकरी सुरू झाली.

त्या वेळची मी आता माझ्यासमोर आली तर दोन चापट्या मारीन. काय तो तोरा! बुधवारी सकाळपासून वेणीफणी. सांगायला उभी राहायची ती लग्नातली जांभळी साडी नेसून, हातात संत्र्याच्या झाडाची काठी, ती टीव्हीवर टेकवून, "हा दुष्ट, हा त्याचा मेहुणा." मेहुणा कशावरून, ते मलाच ठाऊक नसायचं. पुढे मी माईकसुद्धा मागितला. बारा बाय वीसची खोली, सतरंजीवर पंचवीसतीस बाया, आणि बाईसाहेबांना माईक. ह्यांनी आणूनही दिला. चिनी नावं जिभेला वळत नव्हती, म्हणून मी सगळ्यांना नावं ठेवली. पांढऱ्या भुवयांचे गुरू ते बाबाजी. गावाला छळणारा तो ठेकेदार. नायिका नेहमी चंदा.

एकदा सिनेमात बर्फ पडला. खोलीतल्या एकीनंही बर्फ पाहिलेला नव्हता, मीही नाही. जिनिंगमध्ये कामाला जाणारी एक बाई म्हणाली, "वहिनी, कापूस उडून राह्यला का हा?" मी बिनदिक्कत माईकवर, "हाव. चीनमंदी कापूस गंज होते, ढीगच्या ढीग." थोड्या वेळानं चंदा थरथर कापायला लागली. "कापसात कायले कापून राह्यली ही?" मी एक क्षण विचार केला आणि म्हटलं, "मलेरिया." सगळ्या हळहळल्या. जिनिंगमधल्या तीन जणींना त्या वर्षी मलेरिया होऊन गेला होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

पण मी सांगत होते त्याहून जास्त ह्या बाया बघत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. स्टेशनजवळ चहाची टपरी चालवणारी लीलाबाई फक्त खानावळवाल्याकडे बघायची. प्रत्येक सिनेमात एक खानावळ असते आणि ती फुटते. टेबलं पापडासारखी मोडतात, बरण्या फुटतात, आणि मालक कोपऱ्यात बसून डोकं धरतो. लढाई कोण जिंकलं ते लीलाबाईला ठाऊक नसायचं. घरी जाताना तिचं एकच वाक्य: "त्या बिचाऱ्याची एकबी कपबशी नाई उरली." मोहगावची एक आजी लेकीकडे आली की यायची. बाबाजी पडद्यावर आले की पदर घेऊन हात जोडायची. कपड्यांचा तर मोठाच वाद. चंदा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चिखलात लढते, छपरावरून घरंगळते, नदीत पडते, आणि पुढच्या क्षणी पुन्हा शुभ्र. "हिच्या घरी धुनारी कोन हाय?" ह्यावर दोन आठवडे खल झाला. आणि शिष्य लोक खांद्यावर कावड घेऊन डोंगर चढतात, पाणी वाहून वाहून त्यांना उडता येऊ लागतं, ते पाहून आमच्या गल्लीतली सावित्रीबाई म्हणाली, "पानी वाहून उडता येते, तं मी आतापर्यंत जामसांवलीच्या देवळाच्या कळसावर बसली असती."

मला स्वतःला काय आवडायचं सांगू? लढाईच्या आधीचं थांबणं. दोघं समोरासमोर उभे. वारा. बाही हलते. एक पान खाली येतं. कॅमेरा धाडकन डोळ्यांपर्यंत जातो, परत येतो. कोणी काही करत नाही. माझ्या आयुष्यात कोणी असं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे भांडण म्हणजे थेट भांडंच फेकतात.

आणि पाहायला मला शिकवलं निमूनं.

निमू माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, माझ्याच मांडीवर अभ्यास केला तिनं. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी ती अठराची. बुधवारी सतरंजी घालणं, कॅसेटी मागे गुंडाळणं, दारात चपला लावणं ही तिची कामं. पहिल्या महिन्यात मला त्या सिनेमातली माणसं ओळखूच येत नसत. मी ठेकेदाराला बाबाजी केलं आणि बाबाजींना ठेकेदाराच्या हातून मारूनही टाकलं. निमू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, तोंड नको पाहू. पाय पाह्य. खरा लढनारा आधी पायानं जागा पाह्यते, मंग हात उचलते." मी पाय पाहू लागले. माणसं वेगळी दिसू लागली. मग मला उमगलं की ती माणसं पहिल्यापासून वेगळीच होती, बघणारीच बावळट होती.

निमू जिनिंगच्या मागे कापसाच्या गाठीला लाथा मारायची. पहाटे रेल्वेच्या कडेनं धावायची. कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी तिला पोलीस भरतीचा फॉर्म आणून दिला होता. तेव्हा आमचा जिल्हा छिंदवाडा. सोमवारी छिंदवाड्याला धावण्याची परीक्षा. आणि आदल्या दिवशी, रविवारी, सौंसरहून पाहुणे तिला पाहायला यायचे. संत्र्याचा बगीचा, एकुलता मुलगा, शांत स्वभाव. सासूबाईंनी पोह्यांचे शेंगदाणेसुद्धा निवडून ठेवले होते. आमचे हे मात्र आईकडे आणि बहिणीकडे, दोन्ही बाजूंना मान हलवून म्हणाले, "पोरीले इचारा. ते म्हनंल तसं करू." म्हणजे निर्णय खरोखर निमूच्याच हातात होता. आमच्या घरात बाईच्या हातात असं काही आलेलं ते पहिलंच.

अशात तो दोन कॅसेटींवाला सिनेमा आला.

लांब सिनेमे दोन कॅसेटींवर यायचे. पहिला भाग ह्या बुधवारी, दुसरा पुढच्या. ह्याचा दुसरा भाग पाहुणे यायच्या चार दिवस आधी लागणार होता. गोष्ट अशी: ठेकेदार चंदाच्या बापाचा हात मोडतो. चंदा विद्या शिकायला डोंगरावर बाबाजींकडे जाते. बाबाजी मुलींना शिकवत नाहीत. दार बंद. चंदा दारात बसते. खालच्या नदीवरून पाणी आणते, दाराशी ठेवते, बसते. ऋतू बदलतात. डोंगर हिरवा असतो तो पिवळा होतो, मग तांबडा. दाराचा रंग फिका पडतो. दार उघडत नाही. पहिली कॅसेट तिथे संपली. बाया उठेनात.

त्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता निमू मला म्हणाली, "वहिनी, मी कौल लावला."

"कोणत्या देवाले?"

"चंदाले. बाबाजीनं दार उघडलं, तं मी सोमवारी छिंदवाड्याले जाईन. नाई उघडलं, तं सौंसरवाल्याईले हो म्हनीन. माह्यानं काई ठरून नाई राह्यलं. एक मन इकडं ओढते, एक तिकडं."

मी हसले. "पागल हाय का? सिनेमा हाय तो."

"देवाचं फूल तरी काय असते? कोन्या बाजूनं पडते तेवढंच ना?"

ही गोष्ट मी पोटात ठेवायला हवी होती. मी काय केलं? भांडी घासता घासता सासूबाईंना सांगितली, गंमत म्हणून. सासूबाई हसल्या नाहीत. हात पुसून माझ्याजवळ बसल्या. तशा त्या माझ्याजवळ कधी बसत नसत.

"मंदे, त्या सिनेमात काय होते, ते तूच सांगतं ना लोकाईले?"

"हाव."

"मंग सांग."

एवढंच. एक शब्द जास्त नाही.

आता इथे मला सगळा दोष सासूबाईंवर टाकून मोकळं होता आलं असतं. त्या आता नाहीत, उलट बोलायला येणार नाहीत. पण खरं कारण सासूबाई नव्हत्या. दोन रात्री मी तळमळत विचार केला, आणि त्या विचारात निमू कुठेच नव्हती. निमू गेली तर माझी दोन लेकरं कोण सांभाळणार? सतरंजी कोण घालणार? कॅसेटी कोण गुंडाळणार? आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक घाणेरडी गोष्ट होती. दहावीची परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून मी माझ्या बापाच्या दारात बसले होते. माझं दार उघडलं नव्हतं. मग हिचंच का उघडावं?

जांभळ्या साडीतल्या त्या बाईला ही गोष्ट तेव्हा स्वतःशीही कबूल करता आली नव्हती. तिनं मनाशी एवढंच म्हटलं, "पोरीचं भलं होईल."

माझी एक पद्धत होती. दर बुधवारी सकाळी मी एकटी कॅसेट पूर्ण बघायची, म्हणजे दुपारी थापा जमून येतात. दुसरी कॅसेटही मी सकाळी पाहिली. शेवटपर्यंत पाहिली.  मग उठून स्वयंपाक केला.

दुसरी एक पद्धत आमच्या सेंटरची. फीत अडकली की उरलेला सिनेमा तोंडी. महिन्यातून एकदा तरी व्हायचंच. बाया कुरकुरायच्या, मग सरसावून बसायच्या. काही जणींना तोंडीच जास्त आवडायचा. त्यामुळे दुपारी जे झालं, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

चंदा दारात बसली आहे. वारा थांबला. आतून पावलांचा आवाज आला. कॅमेरा दाराच्या कडीवर. कडी हलली.  मी हात पुढे केला आणि बटण दाबलं.

पडदा निळा.

"गुतली!" मी ओरडले. कॅसेट बाहेर काढली, पाठ करून झाकण उचललं, नखानं फितीचं एक वेटोळं बाहेर ओढलं आणि सगळ्यांना दाखवलं. "पाहा, कशी खाल्ली मुर्दाडानं."

"अगं माय!" "आत्ताच गुताची होती का!" "वहिनी, सांगा, सांगा लवकर."

मी माईक घेतला. आणि मी सांगते, माझ्या सात वर्षांतलं ते सगळ्यात सुरेख कथन होतं. बाबाजींनी दार उघडलं नाही. आतूनच बोलले, "बेटी, तुझी परीक्षा झाली. तू पास झालीस. आता घरी जा. घर हाच तुझा डोंगर आहे." चंदा उठली. दाराला नमस्कार केला. घरी आली, बापाची सेवा केली, शेजारच्या गावच्या चांगल्या मुलाशी लग्न केलं. तिला मुलगा झाला. त्या मुलानं मोठं होऊन ठेकेदाराला असा काही आपटला की बस. पाळण्याचं सांगताना मी आवाजही जरा कापरा केला. बायांनी डोळे पुसले. टाळ्या वाजल्या. लीलाबाईसुद्धा रडली, आणि त्या सिनेमात खानावळ नव्हती.

निमूनं टाळ्या वाजवल्या नाहीत. सतरंजीची कड बोटात गुंडाळत तिनं एकच विचारलं, "मंग ते एवढे दिवस दारात कायले बसली होती?"

"परीक्षा होती ना," मी म्हटलं.

"दे इकडं कॅसेट. मी बोटानं गुंडाळून पाह्यतो."

"नको. तुटली तर? उद्याच्या पॅसेंजरनं जाची हाय."

आणि कॅसेट मी पिठाच्या डब्यात लपवली. वर पीठ पसरलं. नागपूरवाल्यानं नंतर विचारलं, "ताई, ही फीत कणकेत मळली होती का?"

रविवारी निमूनं माझीच जांभळी साडी नेसली. पोहे तिनंच नेऊन दिले. सोमवारी छिंदवाड्याची गाडी गेली, तेव्हा ती छतावर वाळवण राखत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग तिचं वाईट झालं का? नाही. सौंसरचे पाहुणे खरंच भले निघाले. नवरा आजही तिच्याशी आवाज चढवून बोलत नाही. दोन मुली शिकवल्या, दोघी कमावत्या. निमू अंगणवाडीत लागली, तिथून निवृत्त झाली. एकदा सौंसरच्या बसस्टँडवर एक दारुड्या एका पोरीचा हात धरत होता. निमूनं त्याला छत्रीनं असा झोडला, की पोलीस आला तो त्यालाच वाचवायला. हे ऐकून सगळे हसले. मीही हसले. आणि घरी येऊन मला झोप लागली नाही. "वाईट तर झालं नाही ना" हे वाक्य मी इतकी वर्षं उशीखाली घेऊन झोपत आले. उशीखाली ठेवलेली वस्तू टोचते, एवढंच.

व्हिडिओ सेंटर बंद पडलं. मग आम्ही केबल टाकली, मग सीडी भाड्यानं दिल्या, मग मोबाइल रिचार्ज. पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला, आता परीक्षेला छिंदवाड्याला जायला नको. माझी नात सानू कॉलेजात आहे. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर ती जगातला कुठलाही सिनेमा बोटाच्या टोकानं आणते. तिला मी आमच्या सेंटरच्या गोष्टी सांगते. बर्फ आणि मलेरिया तिला तोंडपाठ आहे. चंदाचा सिनेमाही मी तिला सांगितला होता, डोंगर, कावड, बंद दार. शेवट सांगितला नव्हता.

ह्या राखीला निमू नेहमीप्रमाणे आली. भावाला ओवाळलं, जेवणं झाली, हे आत जाऊन लवंडले. आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत. आणि सानू ओरडली, "आजी! ते दारात बसणारीचं पिक्चर सापडलं मले! हेच ना?"

पडद्यावर डोंगर होता. नवा, धुऊन पुसून काढलेला. आमच्या टीव्हीवर त्याचे सगळे रंग राखेत बुडवल्यासारखे दिसायचे. आता त्यात सात तऱ्हेचे हिरवे होते. चंदाचे कपडे पांढरे नव्हतेच, फिक्या निळ्या रंगाचे होते. चाळीस वर्षांनी कळलं, आम्ही नसलेल्या पांढऱ्या कपड्यांवर भांडलो होतो.

"मायबाई," निमू पुढे सरकून बसली. "हेच ते. लाव लाव."

खाली हिंदी अक्षरं होती. सावकाश पळणारी, कोणालाही वाचता येतील अशी.

मी म्हटलं, "माही सीरियल हाय आता." सानू म्हणाली, "आजी, तुझी सीरियल सातला असते." मी म्हटलं, "लाइट जानार हाय." गेली नाही. मी चहा केला, कोणी मागितला नव्हता. कप सानूच्या मांडीजवळ सांडला, मुद्दाम नाही, निदान पूर्ण मुद्दाम नाही. तिनं पुसून टाकला. उठले, बसले, पुन्हा उठले.

"बस ना वहिनी," निमू म्हणाली. "मुंगळे चावून राह्यले का तुले?"

सानू मधेमधे बोलत होती. "किती स्लो आहे यार, पण काय दिसते! हे पान पडते ना, आत्याआजी, ते बघ. कॅमेरा तिच्यासोबत बसलाय दारात." निमू पुढे वाकून पाहत होती. फक्त एकदा म्हणाली, "तिचे पाय पाह्य सानू. बसली हाय, पन पाय बसले नाईत." आणि मला आठवलं की ही अठराची असताना असंच बोलायची.

वारा थांबला. आतून पावलं वाजली. कडी हलली.

ह्या वेळी रिमोट माझ्या हातात नव्हता.

काय झालं ते शेवटी सांगते. सिनेमा संपल्यावर पांढरी अक्षरं वर जायला लागली. सानू म्हणाली, "भारी!" मग तिनं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि रिमोट खाली ठेवला.

निमू म्हणाली, "फीत गुतली होती ना वहिनी?"

मी म्हटलं, "नाई."

"तू पाह्यलं होतं हे?"

"सकाळीच. पुरं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडं फेकलं असतं तरी चाललं असतं. ती नुसती थांबली. पंख्याचा वारा, तिच्या पदराचं टोक हलत होतं, आणि कोणी काही करत नव्हतं.

मग म्हणाली, "मी आयुष्यभर त्या चंदाले शिव्या देल्या. माह्या पोरीईले सांगे, त्या सिनेमातल्या पोरीसारखं करू नोका, डोंगरापर्यंत जाऊन पोया लाटाले वापस येऊ नोका. मले तिचा राग होता. तुहा राग एक दिवस नाई केला." तिनं चष्मा काढून पुसला. "तिनं तं काईच केलं नव्हतं बिचारीनं."

"निमू, माफ कर. आईनं म्हटलं होतं, पन..."

"आईचं नाव घेऊ नको."

"नाई घेत. मीच केलं. मले तुहा हेवा वाटला."

हे वाक्य बाहेर पडायला इतकी वर्षं लागली, आणि पडलं ते नातीसमोर. सानूनं मान खाली घातली.

निमू उठली. पिशवीत डबा भरला, चपला घातल्या. दारात म्हणाली, "मले एकटीले सांगून काय करतं? त्या दिवशी खोली भरून बाया होत्या. त्याईच्याबी पोरी होत्या घरी. लीलाबाईची होती, सावित्रीबाईची होती. त्या सगळ्याईनं घरी जाऊन तोच शेवट सांगितला असंल. तू माईकवर सांगितलं होतं. आता खरं सांगाचं, तं तसंच सांग. मंग मले फोन कर."

चारच्या बसनं ती सौंसरला गेली. तिनं फोन केलेला नाही. मीही केलेला नाही, कारण करायचा हक्क अजून मिळवलेला नाही.

तेव्हा अंकवाल्या पोरा, गमतीजमती छापायच्या तर छाप, पण हा खालचा मजकूर कापू नकोस. माझ्याकडे माईक आता हाच आहे.

बायांनो, संत्रा मंडीच्या मागच्या खोलीत बुधवारी सतरंजीवर बसलेल्या तुम्ही सगळ्या, आणि ज्या आता नाहीत त्यांच्या लेकीसुना, ऐका. त्या दिवशी फीत गुतली नव्हती. मी बटण दाबलं होतं. बाबाजी दाराआडून एक अक्षर बोलले नाहीत, ते सगळं माझं होतं. पाळणा माझा, मुलगा माझा. सिनेमात असं होते:

कडी निघते. दार उघडते. बाबाजी बाहेर येते, चंदाले काही म्हनत नाई. चंदा जिथं बसली हाय, त्याच्या खालच्या पायरीवर बाबाजी जाऊन बसते. तिच्या घागरीतलं पानी पेते. मंग आपली काठी तिच्या हातात देते. बस, एवढंच, एक शब्द नाई. चंदा शिकते. किती वर्षं, ते सांगत नाई, डोंगराचे रंग बदलताना दिसते फक्त. एक दिवस चंदा गावात येते. ठेकेदार हसते. दोघं समोरासमोर उभे राह्यते, वारा सुटते, आन् चंदा ठेकेदाराले हारवते. तिचा मुलगा नाई. तेच. मारत नाई त्याले, सोडून देते. बाप दारातून हाक मारते, "पोरी, घरी ये." चंदा घरात जाते, बापाच्या मोडक्या हाताले तेल लावते, भाकर खाते. सकाळी बाहेर येऊन जोडे बांधते. बाप पाह्यत राह्यते, अडवत नाई. ते रस्त्याले लागते. कॅमेरा तिच्या मागंमागं चालते, चालते, ते लहान होत जाते, वळून पाह्यत नाई. आन् ते काई थांबत नाई, म्हनून सिनेमाच थांबते.